आजीची नागीण, नातवाच्या कांजिण्या

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंचवीसेक वर्षं मी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. इथे एकेका घराच्या तीन-तीन पिढ्या एकाच दवाखान्यात येतात. आजीचं बीपी, मुलाची पाठदुखी, सुनेचं रक्त कमी असणं, नातवाचा खोकला, सगळं एकाच टेबलापुढे. त्यामुळे काही आजारांचं आपसातलं नातं मला पुस्तकात वाचलं त्याहून जास्त या घरांमधून समजलं. त्यातलं एक नातं नागीण आणि कांजिण्यांचं. त्याबद्दल लोकांना भीती फार आणि माहिती थोडी. ती भीती बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी असते आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे मात्र घर निर्धास्त असतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

'आत्याबाईंना नागीण झालीय, आमच्या पोराला होईल का?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. पोराला नागीण होणार नाही. नागीण ही दुसऱ्याची लागत नाही. पण त्या पोराला आधी कांजिण्या होऊन गेल्या नसतील आणि त्याने कांजिण्यांची लसही घेतली नसेल, तर नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून त्याला कांजिण्या होऊ शकतात. कांजिण्या झालेल्या मुलापासून पसरतात तितक्या सहज नाही, पण होऊ शकतात.

दोन्हींच्या मागे विषाणू एकच आहे, व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी तो पहिल्यांदा अंगात शिरतो तेव्हा कांजिण्या येतात. ताप येतो, अंगभर पाण्याचे फोड येतात, आठ-दहा दिवसांत त्यांच्या खपल्या धरतात आणि मूल खेळायला लागतं. विषाणू मात्र अंगातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात तिथे तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा पडून राहतो. पुढे वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली, मधुमेह किंवा मोठं आजारपण मागे लागलं, स्टिरॉइडची औषधं चालू झाली, की चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. ती नागीण. म्हणजे आजीच्या कमरेवर जो पट्टा उठला आहे तो तिच्या स्वतःच्या लहानपणच्या कांजिण्यांचा आहे. त्या फोडांतलं पाणी नातवाच्या अंगात गेलं, तर नातवासाठी ती पहिलीच भेट असते. म्हणून त्याला नागीण न होता कांजिण्या होतात.

हे मला पहिल्यांदा नीट दिसलं ते एका शेतकरी घरात. आजी साठी ओलांडलेली, अंगावर नऊवारी. उजव्या कमरेपासून बेंबीकडे आलेली फोडांची ओळ. माझ्याकडे आली तेव्हा पाचवा-सहावा दिवस होता. तोवर घरी दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप चालला होता. सोबत सून आणि सुनेचं दीड वर्षाचं पोरगं. पोरगं आजीच्या कडेवर, उजव्याच कडेवर. मी आजीला लुगडं जरा सैल करायला सांगितलं तर ते आधीच सैल होतं. 'कापड लागलं की आग आग व्हतीया,' आजी म्हणाली. जिथे कापड सहन होत नव्हतं तिथे नातवाची मांडी टेकलेली होती. कडेवर चढायला-उतरायला तो तिथेच घासत होता.

सगळी गोष्ट त्या एका दृश्यात होती. नागिणीचं दुखणं असं असतं की माणूस ती जागा उघडी टाकतो. वाऱ्यालाही लागते, पण कापडाला जास्त लागते. म्हणजे ज्या दिवसांत ती जागा झाकून ठेवायची, नेमक्या त्याच दिवसांत ती उघडी असते. आणि लहान मूल तर आजी-आजोबांच्या अंगावरच वाढत असतं. मांडीवर जेवायचं, कुशीत झोपायचं, पदराला तोंड पुसायचं.

मी आजीला औषध दिलं. जागेवर गॉज ठेवून सैल पट्टी बांधली. पोराला आठवडाभर आजीच्या कडेवर द्यायचं नाही, असं सुनेला सांगितलं. तेव्हा उशीर झाला होता. दोनेक आठवड्यांनी पोराला ताप आला आणि पोटावर, पाठीवर, केसांत फोड दिसले. घरचे म्हणाले, गेल्या महिन्यात लग्नाला गेलो होतो तिथून आलं असणार. सासूबाई गप्प होत्या. सून माझ्याकडे पाहत होती. मी आधी दिवस मोजले. संसर्ग झाल्यापासून कांजिण्या उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात, बहुतेक वेळा चौदा ते सोळा. लग्नाला महिना उलटून गेला होता. आजीच्या फोडांच्या दिवसांशी हिशेब जुळत होता.

मग मी त्या दोघींना एकत्र बसवून सांगितलं की हा कोणाचाही दोष नाही. आजीने नातवाला कडेवर घेतलं, आणि आजीने तेच करायचं असतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, एवढीच गोष्ट. पोरगं आठवड्या-दीड आठवड्यात बरं झालं. लहान वयातल्या धडधाकट मुलांच्या कांजिण्या बहुधा अशाच निघून जातात. पण त्या घरात सासू-सुनेमध्ये जे अवघडलेपण आलं ते कांजिण्यांपेक्षा जास्त दिवस टिकलं. तेव्हापासून नागिणीच्या प्रत्येक रुग्णाला मी एक प्रश्न विचारायला लागले. घरात कोण कोण आहे?

साधारण त्याच काळात एडगर होप-सिम्पसन या इंग्रज डॉक्टरांचं काम माझ्या वाचनात आलं. सायरनसेस्टर नावाच्या लहान गावातले ते फॅमिली डॉक्टर. 16 वर्षांत आपल्याच दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या 192 रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी 1965 साली एक निबंध लिहिला. विषाणू आत दडून राहतो आणि पुढे जागा होतो, ही आज सगळे मानतात ती मांडणी त्यांनी त्यात केली. त्यांच्याही आधी बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी पाहिलं होतं की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्या घरातल्या मुलांना कांजिण्या येतात. त्यांनी ते 1909 साली व्हिएन्नाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दोन्ही आजारांमागे तोच आहे हे दाखवलं ते अमेरिकेतल्या थॉमस वेलर यांनी, 1950 च्या दशकात. म्हणजे प्रयोगशाळेने सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी, घरोघरच्या मुलांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरच्या हे लक्षात आलं होतं. माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरला यातून फार धीर आला. मी एक वही घातली. नागिणीचा रुग्ण आला की त्यात लिहायचं: कुठल्या जागी, कितव्या दिवशी, घरात लहान मूल कोण, गरोदर कोण, आणि तीन आठवड्यांनी काय झालं.

त्या वहीने बरंच शिकवलं. बहुसंख्य घरांत पुढे काहीच झालं नाही. मुलांना आधीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या, किंवा लस झाली होती, किंवा जागा कपड्याखाली झाकलेली राहिली होती. जिथे मुलांना कांजिण्या झाल्या, तिथे बहुतेक वेळा या गोष्टी दिसल्या: फोड ओले होते, जागा उघडी होती, मूल त्याच अंथरुणात झोपत होतं, पाच वर्षांच्या आतलं होतं आणि लस झालेली नव्हती. कपाळावर, गालावर, मानेवर आलेली नागीण झाकता येत नाही, त्यामुळे तिथे जास्त जपावं लागतं. फोड पसरून अंगभर उठले असतील किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती अगदी कमी असेल, तर विषाणू श्वासावाटेही पसरू शकतो. तो रुग्ण आम्ही घरी ठेवतच नाही.

कांजिण्यांशी तुलना केली म्हणजे हे नीट कळतं. एका मुलाला कांजिण्या आल्या तर त्याच घरातल्या, आधी न झालेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना त्या होतात. हवेतून, खोकल्यातून, फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच. नागिणीचं तसं नाही. फोड येण्याआधी, नुसतं दुखत असतं तेव्हा, ती पसरत नाही. फोडांतलं पाणी हेच तिचं मुख्य साधन. शेवटच्या फोडाची खपली धरली की धोका संपला. हे साधारण सात ते दहा दिवसांत होतं. वाळलेल्या खपलीतून काही लागत नाही, नंतर महिनोन् महिने राहणाऱ्या वेदनेतून तर नाहीच.

हे शेवटचं वाक्य किती महत्त्वाचं आहे ते मला दुसऱ्या एका घराने शिकवलं. त्या घरातल्या आजोबांना छातीवर नागीण झाली होती. मी घरी गेले तेव्हा ते गोठ्याशेजारच्या खोलीत होते. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. दोन नातवंडं होती, दोघांना उंबऱ्याच्या आत पाय टाकायला मनाई. महिना होत आला होता. शर्ट काढून पाहिलं तर खपल्या पार वाळलेल्या, काही गळून पडलेल्या, खाली गुलाबी कातडी आलेली. दोन्ही नातवंडांना मागच्याच वर्षी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, त्याही माझ्याच दवाखान्यात दाखवलेल्या. म्हणजे त्या घरात आजोबांपासून कोणाला काहीही व्हायचा संभव राहिला नव्हता, आणि सगळ्यांत जास्त शिक्षा आजोबा भोगत होते. मी मुलाला आणि सुनेला आत बोलावलं. त्यांच्या देखत त्या वाळलेल्या जागेवरून उघडा हात फिरवला. 'आता पोरांना येऊ द्या,' म्हटलं. आजोबांचा त्रास निम्मा दुखण्याचा होता आणि निम्मा त्या उंबऱ्याचा.

आजोबांना आणखी एक भीती होती, जी आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक रुग्णाला असते. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं, अंगाभोवती वेढा पुरा झाला, की माणूस जातो, ही ती भीती. ती खोटी आहे. पाठीतून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो. म्हणून नागीण बहुतेक वेळा एकाच बाजूला येते आणि पोटावर व पाठीवर मधल्या रेषेपाशी येऊन थांबते. मी रुग्णाच्याच अंगावर बोट ठेवून ती रेषा दाखवते. ज्याचे फोड तिथे थांबलेले दिसतात त्याचा चेहरा लगेच हलका होतो.

बाळंतपणाचं घर हा याहून नाजूक विषय. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि बाळाचं तेल-पाणी आजीच्या हाती असतं. एका घरातून बाळ आठ-दहा दिवसांचं असताना निरोप आला, आजीच्या मांडीवर पुरळ आलंय, जरा बघून जा. मी गेले. आजी पाटावर बसून, पाय लांब पसरून, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायची. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली. डाव्या मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत फोडांची रांग होती. कोमट पाणी, साबण, तेल, आणि बाळाचं डोकं त्या फोडांपासून वीतभर अंतरावर. आजीला ते उष्णतेचं वाटलं होतं.

इथे पहिला प्रश्न आजीबद्दल नव्हताच. बाळाच्या आईला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हा होता. झाल्या असतील तर तिच्या अंगातली संरक्षक द्रव्यं बाळाकडे नाळेतून गेलेली असतात आणि पहिले काही महिने बाळाला बऱ्यापैकी जपतात. नसतील, तर आई आणि बाळ दोघंही उघडी. बाळाच्या आईला आठवेना. आजीला मात्र पक्कं आठवत होतं. चौथीत असताना, परीक्षेच्या आधी, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. मग आजीनेच मुलीच्या भुवईवरचा लहानसा खड्डा दाखवला. नखाने खाजवून राहिलेला कांजिणीचा व्रण. त्या व्रणाने मला निम्मा धीर दिला. तरी आम्ही काही सोय केली. बाळाचं तेल-पाणी मावशीकडे गेलं, आजीने फोड वाळेपर्यंत स्वयंपाकघर सांभाळायचं ठरलं. आजीची जागा झाकली, टॉवेल आणि अंथरूण वेगळं केलं, साबणाने हात धुण्याचा नेम लावला. बाळावर तीन आठवडे नजर ठेवली. काही झालं नाही. बाळाला कुठेही हलवावं लागलं नाही, आजीलाही घराबाहेर पडावं लागलं नाही.

बाळ अवेळी, फार कमी वजनाचं जन्मलेलं असेल तर मात्र मी घरी थांबत नाही. आईकडून मिळणारं संरक्षण मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोचतं, त्यामुळे अशा बाळाला ते पुरेसं मिळालेलं नसतं. त्याला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात खुद्द आईलाच कांजिण्या उठल्या, तर ती बाळासाठी तातडीची वेळ असते. उलट गरोदर बाईला स्वतःला नागीण झाली, तर पोटातल्या बाळाला त्यापासून सहसा धोका नसतो, कारण तिच्या अंगात आधीपासूनच प्रतिकारशक्ती असते. हा फरक सांगितला नाही तर बायका नागिणीने हादरतात आणि कांजिण्या अंगावर काढतात.

ऊसतोडीच्या हंगामाने याची दुसरी बाजू दाखवली. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत चार-सहा माणसं, कोपीला कोपी लागून. आपल्याकडे कांजिण्यांची लाट हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येते, म्हणजे हंगामाच्या ऐन भरात. एका वर्षी तिथे एका वयस्क बाईला मानेवर आणि खांद्यावर नागीण झाली. दिवसा बाकीचे फडात जायचे, तेव्हा तळावरची लहान मुलं हीच बाई सांभाळायची. दोन आठवड्यांनी दोन मुलांना कांजिण्या आल्या. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात एकदम बऱ्याच मुलांना. पहिली दोन मुलं त्या बाईकडूनच आजारी पडली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दिवस जुळत होते आणि त्या सुमारास तळावर दुसरीकडे कुठे कांजिण्या नव्हत्या. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने उठणाऱ्या लाटा पाहिल्या की हा विषाणू लहान वस्तीतही कसा तग धरतो ते कळतं. गोवराला सतत नवी माणसं लागतात, नाहीतर तो लहान वस्तीतून नाहीसा होतो. कांजिण्यांचा विषाणू म्हाताऱ्या माणसाच्या अंगात वाट पाहतो आणि पुढच्या पिढीतल्या मुलांकडे जातो.

त्या तळावर माझं सगळं लक्ष मात्र एका तरुण बाईकडे होतं. तिला पाचवा महिना होता. तिला किंवा तिच्या नवऱ्याला तिच्या कांजिण्या आठवत नव्हत्या. उष्ण प्रदेशांत बऱ्याच जणांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत, त्यामुळे मोठेपणी होणाऱ्यांचं प्रमाण आपल्याकडे थंड देशांपेक्षा जास्त आहे. मोठ्या वयात त्या जड जातात आणि गरोदरपणात फुप्फुसांपर्यंत गेल्या तर जिवावर बेततात. पहिल्या वीस आठवड्यांत झाल्या तर क्वचित गर्भालाही इजा होते. तिला त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. गरोदर बाईला लस देता येत नाही, पण तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन आणि विषाणूवरचं औषध देता येतं. ते जितक्या लवकर तितकं चांगलं. तिचा मुकादम आधी कुरकुरला, पण गाडी त्यानेच दिली.

आणखी एका मुलाबद्दल सांगायला हवं. लघवीतून प्रथिनं जाऊन अंगाला सूज येते, तो आजार त्याला होता आणि स्टिरॉइड चालू होतं. काकाला नागीण झाली आणि काका त्याच खोलीत झोपायचा. मुलाच्या आईने औषधाच्या दुकानात सहज विचारलं, आणि दुकानदाराने शहाणपणाने तिला माझ्याकडे पाठवलं. अशा मुलांमध्ये कांजिण्या साध्या राहत नाहीत. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली मुलं, अवयव बसवलेली मुलं, स्टिरॉइड मोठ्या मात्रेत घेणारी मुलं, यांच्या बाबतीत फोड दिसेपर्यंत थांबायचं नसतं. संपर्क झाला हे कळताच त्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना फोन करायचा. त्या आईने वेळेत विचारलं, म्हणून मुलाला वेळेत औषध मिळालं.

औषधांबद्दल थोडं. नागिणीवर असायक्लोव्हिरसारखी औषधं फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यांत चांगला गुण येतो. नवे फोड थांबतात, खपली लवकर धरते, म्हणजे घरातल्या मुलांना असलेला धोकाही कमी दिवस राहतो. आमच्याकडे रुग्ण येतो पाचव्या दिवशी, लेप, गेरू आणि उतारा करून. लोकांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण ओल्या फोडांवर लेप लावू नका हे मी कळकळीने सांगते. एक म्हणजे जखम चिघळते. दुसरं म्हणजे तो लेप लावणार कोण? बहुतेक घरांत सून. तीच त्या हाताने तान्ह्याला घेते, आणि कित्येकदा तीच गरोदर असते. नागीण कपाळावर आली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्याला धोका असू शकतो. तिथे एक दिवसही न घालवता डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. मुलाला कांजिण्या आल्या तर तापावर पॅरासिटामॉल द्यावं. ॲस्पिरिन देऊ नये, त्याने क्वचित पण यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होतो. आयबुप्रोफेनही टाळावं.

उलट दिशेची भीतीही नेहमी दिसते. नातवाला कांजिण्या आल्या की आजी म्हणते, मला आता नागीण होणार. दुसऱ्याच्या कांजिण्यांमुळे नागीण होत नाही. होप-सिम्पसन यांचं तर म्हणणं होतं की अशा संपर्काने मोठ्यांची जुनी प्रतिकारशक्ती उजळते. आणि नागीण फक्त म्हाताऱ्यांनाच होते असंही नाही. माझ्याकडे सहा-सात वर्षांची एक मुलगी पाठीवर नागीण घेऊन आली होती. तिच्या आईला सातव्या महिन्यात कांजिण्या झाल्या होत्या. मुलीने विषाणू पोटातच घेतला होता. त्या घरात तान्हा भाऊ होता, आणि इथे मोठ्या बहिणीपासून धाकट्याला जपायचं होतं. पाठ झाकलेली राहिली, अंथरुणं वेगळी केली, भाऊ ठीक राहिला.

हे सगळं टळू शकतं, त्याचा सरळ मार्ग लस. जपानचे मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत काम करत असताना, 1964 साली, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या फार जोरात आल्या. मुलाच्या उशाशी काढलेल्या त्या रात्रींनंतर त्यांनी या विषाणूवर काम सुरू केलं आणि 1974 साली लस तयार केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या लसी बहुतांशी त्याच वाणाच्या आहेत. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सांगते, पहिला साधारण पंधराव्या महिन्यानंतर. पण सरकारी लसीकरणात ही लस अजून नाही. ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते, आणि ऊसतोडीच्या तळावरच्या आईला ती परवडत नाही. ही उणीव भरून निघायला हवी, असं मला मनापासून वाटतं. लस न झालेल्या, वर्षावरच्या धडधाकट मुलाचा संपर्क आलाच, तर तीन ते पाच दिवसांच्या आत दिलेली लसही बऱ्याचदा उपयोगी पडते. मोठ्यांसाठी नागिणीची वेगळी लस आहे, पन्नाशीनंतर दोन डोस. 2023 पासून ती भारतातही मिळते. महाग आहे, पण नागिणीनंतरची वेदना महिनोन् महिने भोगणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. नागीण झालेल्या माणसाला घरापासून तोडायची गरज नसते. त्याची जखम झाकायची असते आणि घरातली जी दोन-तीन माणसं खरोखर नाजूक आहेत त्यांना शेवटची खपली धरेपर्यंत जपायचं असतं. आजी दुरून गोष्ट सांगू शकते, नातवाला भरवायला दुसरा हात लागेल. सात-दहा दिवसांचा प्रश्न आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. घरात कोणाला एकाच बाजूला आग, ठणका आणि फोडांची ओळ दिसली, तर पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे जा. ती जागा गॉजने आणि सैल सुती कपड्याने झाका, टॉवेल आणि अंथरूण वेगळं ठेवा, हात साबणाने धुवा. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा की घरात दुधपितं बाळ आहे, सुनेला दिवस गेले आहेत, किंवा शेजारच्या खोलीतल्या मुलाला स्टिरॉइड चालू आहे. डॉक्टरला पुढचं सगळं ठरवायला ही माहिती लागते आणि ती फक्त तुम्हीच देऊ शकता.